जोर आणि चपळाई

चाकणला माझ्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे. संध्याकाळी आसपासच्या कामगारांची मुलं तिथे फुटबॉल घेऊन उतरतात. कोणी बिहारचं, कोणी लातूरकडचं, कोणी इथलंच. परवा त्यातला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा धापा टाकत कट्ट्यावर येऊन बसला. म्हणाला, "चाचा, मी रोज पन्नास जोर मारतो. तरी दहा मिनिटांत दम का लागतो?"

मी कविता लिहिणारा माणूस, शिट्टी वाजवणारा नव्हे. पण त्याच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर आपल्या इतिहासात सापडतं.

जोर वेगळा आणि चपळाई वेगळी, हे पुण्याला सुमारे २०० वर्षांपूर्वी कळलं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीला गेले, तिथे मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकवले आणि परत येऊन त्यांनी अलीला हरवलं, अशी आख्यायिका आहे. लहानपणी ही गोष्ट निघाली की सोबती मला विचारायचे, "तू कोणाच्या बाजूचा?" मी खांबाच्या बाजूचा होतो! आख्यायिका बाजूला ठेवली तरी मल्लखांब उरतोच. तिथे नुसत्या जोराचं काम नाही. अंग वळवायचं, पकड सोडायची, पुन्हा धरायची. भारी गड्याला जमत नाही ते हलक्या अंगाचं पोर करून दाखवतं.

हा तालमीचा वारसा फुटबॉलला भेटला तो कोल्हापुरात. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान झालं, पेठापेठांतून तालमी नांदल्या. पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. इंग्लंडात रेल्वे कामगारांचे आणि चर्चचे संघ निघाले, आपल्याकडे तालमींचे. कोल्हापूरच्या तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, हे जाता जाता सांगायला हवं. अर्थात कुस्तीचं शरीर फुटबॉलला जसंच्या तसं चालत नाही. कुस्ती पाच मिनिटांतही निकाली निघते, फुटबॉल नव्वद मिनिटं पळवतो. तालमीकडून घ्यायचा तो रोजचा नेम.

दुसरा धडा हैदराबादच्या एका शाळामास्तरांचा. सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ च्या ‘मैदान’ चित्रपटामुळे पुन्हा लोकांच्या कानावर आलं. त्यांनी मुलांसाठी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या, फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू पायाशी ठेवायचा नाही म्हटल्यावर मुलाला आधी जागा हेरावी लागते, झटकन वळावं लागतं. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवताना नेव्हिल डिसोझा या मुंबईच्या खेळाडूने तीन गोल केले. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. दिल्लीत घानाने आपल्याला ०-४ असं हरवलं. त्यातले दोन गोल ८५ मिनिटं झाल्यावरचे. कौशल्यापेक्षा दम कमी पडला, असं मला तरी वाटलं.

फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाची सुमारे २० मिनिटांची पूर्वतयारी सुचवली आहे. आधी सावकाश धावणं, मग बैठका, एका पायावर तोल, उड्या, शेवटी दिशा बदलत वेगाने धावणं. यंत्रं लागत नाहीत. जागा लागते.

त्या मुलाला मी म्हटलं, "जोर मार, पण पळही. पळ, थांब, वळ, पुन्हा पळ."

"पळू कुठे, चाचा?"

प्लॉटला कुंपण पडायचं आहे. सिमेंटचे खांब एका बाजूने रोवून झालेत, तार अजून आलेली नाही. तूर्त मुलं त्या खांबांमधून नागमोडी पळतात.