मायमो

मायमो ही बिनतारी संदेशवहनाची पद्धत असून तीत प्रक्षेपक व ग्राहक या दोन्ही बाजूंना एकाहून अधिक अँटेना वापरतात. ‘मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट’ या शब्दांचे हे संक्षिप्त रूप आहे. या पद्धतीमुळे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी अनेक माहितीप्रवाह पाठवता येतात. ४जी व ५जी मोबाइल सेवांत आणि आधुनिक वाय-फायमध्ये ती वापरली जाते.

तत्त्व

गिरगावच्या अरुंद गल्ल्या किंवा परळ-लालबागमधील उंच इमारती अशा दाट वस्तीत रेडिओ लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन अनेक मार्गांनी ग्राहकापर्यंत पोहोचतात. एकाच अँटेनावर या लहरी परस्परांना क्षीण करू शकतात. म्हणून बहुमार्गी प्रसारण पूर्वी दोष मानले जाई. अनेक अँटेना असल्यास मात्र याच मार्गभेदांच्या आधारे माहितीप्रवाह वेगळे करता येतात.

मापन

प्रत्येक प्रक्षेपक अँटेनावरून ग्राहकाला आधीच ठाऊक असलेला संकेत पाठवतात. तो प्रत्येक ग्राहक अँटेनावर किती क्षीण झाला व त्याची कला किती बदलली, हे मोजून मूल्यांचा आव्यूह तयार होतो. दोन्ही बाजूंना ४ अँटेना असल्यास त्यात १६ मूल्ये असतात. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ८.६ सेंमी असते. ग्राहक काही सेंटिमीटर सरकला तरी मूल्ये बदलू शकतात. त्यामुळे हे मापन सतत करावे लागते.

क्षमता

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, संदेश गोंगाटापेक्षा बराच प्रबळ असताना शक्ती दुप्पट केल्यास दर हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे १ बिटचीच भर पडते. दोन्ही बाजूंचे अँटेना दुप्पट केल्यास मात्र अनुकूल स्थितीत क्षमता जवळजवळ दुप्पट होते. गिरगाव चौपाटीसारख्या मोकळ्या जागी परावर्तने कमी असल्यास, संदेश प्रबळ असूनही स्वतंत्र प्रवाहांची संख्या मर्यादित राहू शकते. म्हणून केवळ संदेशाच्या प्रबळतेवरून क्षमता ठरत नाही.

इतिहास

भारतीय नौदलातील माजी अधिकारी आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलाथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ही कल्पना मांडली. तिचे अमेरिकी पेटंट १९९४ मध्ये मिळाले. कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला व अभियांत्रिकीचे पदवी शिक्षणही तेथेच झाले. बेल प्रयोगशाळेतील एमरे तेलातार व जेरार्ड फॉशिनी यांनी पुढे क्षमतेचे गणित मांडले.