रॉ फाइलीतून चित्राकडे

रॉ फाइल जेपेगमध्ये बदलणे हे एका बटणाचे काम वाटते, आणि बटण दाबले की चित्र येतेही. पण रॉ फाइलीत चित्र नसते. असतात त्या सेन्सरने केलेल्या प्रकाशाच्या नोंदी. एवढे लक्षात घेऊन या विषयात शिरावे. सुरुवातीला लागणारे गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडे जात नाही, तेव्हा बिचकण्याचे कारण नाही.

बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो. ही मांडणी ईस्टमन कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचे अमेरिकी पेटंट १९७६ सालचे. त्यांनी निम्मे पिक्सेल हिरव्याला दिले आणि लाल व निळ्याला पाव-पाव, कारण आपला डोळा बारकावे टिपतो ते प्रामुख्याने हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात. म्हणजे पिक्सेलमागे तीनपैकी एकच आकडा मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारपाजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरायचे. यालाच डीमोझेइकिंग म्हणतात. तयार चित्रातले दोन-तृतीयांश आकडे हे असे अंदाज आहेत! पैठणीची बारीक जर किंवा दूरवरच्या कौलांच्या रांगा आल्या की हा अंदाज फसू शकतो आणि कापडात नसलेले रंगीत पट्टे फोटोत उमटतात. दोन प्रोग्रॅम एकाच फाइलीतून वेगळी चित्रे काढतात, त्याचे एक कारण इथे आहे.

मग व्हाइट बॅलन्स. लाल आणि निळ्या आकड्यांना एकेका गुणकाने गुणले की बल्बच्या उजेडातला पिवळेपणा निघून जातो. त्यानंतर कॅमेऱ्याचे रंग पडद्याच्या रंगांत बसवायचे, आणि इथे झेंडूचे तोरण हमखास परीक्षा पाहते: त्याचा गडद केशरी एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यासाठी ठरलेल्या नेहमीच्या रंगसंचाच्या, मर्यादेबाहेर गेला की पाकळ्यांचा पोत हरवून सपाट डाग उरतो.

शेवटी उजेडाची वाटणी. चौदा बिटांच्या फाइलीत १६,३८४ पायऱ्या असतात. सेन्सर सरळ प्रमाणात मोजत असल्याने त्यांतल्या निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये (उजेड दुप्पट होण्याच्या एका टप्प्यात) खर्ची पडतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या. कोणता अंधार उजळायचा, ढगांतला कोणता तपशील सोडून द्यायचा, हे रूपांतर करणारा ठरवतो. त्याने ठरवले नाही, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. माझ्या मते हा निर्णय दुसऱ्यावर सोडणे हीच या कामातली सर्वांत मोठी हानी आहे. जेपेगच्या दाबण्याने होणारे नुकसान त्यामानाने किरकोळ. (काही झटपट साधने तर रॉ फाइलीत कॅमेऱ्याने आधीच ठेवलेले छोटे जेपेग तेवढे बाहेर काढून देतात. ते रूपांतर नव्हेच.)

फाइल कोणत्या स्वरूपात ठेवायची, हा प्रश्न यानंतरचा. पाठवायला जेपेग पुरते. छपाईसाठी किंवा पुढच्या कामासाठी सोळा बिटांचे टिफ घ्यावे. अडोबीने २००४ मध्ये आणलेले डीएनजी यांहून वेगळे: नेहमीच्या रूपांतरात त्यात सेन्सरचे आकडे कायम राहतात आणि फक्त त्यांची मांडणी बदलते. प्रत्येक कंपनीची रॉ फाइल निराळी आणि तिची रचना बहुधा गुलदस्त्यात, म्हणून अशा उघड स्वरूपाची गरज पडली. त्याही आधी, १९९७ पासून, डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरने एकेका कॅमेऱ्याच्या फाइलींची उकल करत डीसीरॉ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. त्याचा सी भाषेतला कोड सर्वांना खुला आहे. ज्यांना प्रोग्रॅमिंग येते त्यांनी तो जरूर चाळावा. पाठ्यपुस्तकापेक्षा तो जास्त शिकवतो.

वाचकांना एकच विनंती. पुढे जाण्यापूर्वी स्वतःची एखादी रॉ फाइल डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा, काहीही न बदलता दोन्हींतून जेपेग काढा आणि शेजारी ठेवून पाहा. मूळ फाइल मात्र पुसू नका.