वेस्टमिन्स्टरच्या दोन शाळा

मागच्या वर्षी लेकीकडे कॅलिफोर्नियात दोन महिने राहिले. नातीला शाळेत पोचविण्याचे काम माझ्याकडे होते. नाना वर्णांची मुले एकाच फाटकातून आत जाताना पाहून कौतुक वाटे. एकदा लेक म्हणाली, “आई, हे इथं पहिल्यापासून असं नव्हतं हं!” तिच्याकडून ऐकलेली आणि मग वाचून काढलेली ही हकीकत भगिनींपुढे ठेवते.

तिकडे सरकारी शाळांचा कारभार बहुधा त्या त्या भागातील रहिवाशांनी निवडलेले शाळा-मंडळ पाहते. ऑरेंज काउंटीतील वेस्टमिन्स्टर हे आज भरवस्तीचे उपनगर आहे. 1940 च्या सुमारास तेथे शेतमळे होते. गावात शाळा दोन. सतराव्या रस्त्यावरची चांगली शाळा गोऱ्यांची. दोन खोल्यांची लाकडी हूवर शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांची.

गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेझ हे जोडपे तेथे शेती करी. मळा मुनेमित्सू या जपानी वंशाच्या कुटुंबाचा. युद्धकाळात सरकारने त्यांना छावणीत धाडले, म्हणून तो मेंडेझांनी खंडाने घेतला होता. मुलांची आत्या सोलेदाद आपली व भावाची मुले घेऊन चांगल्या शाळेत नाव घालायला गेली. तिची मुले गोरी, आडनाव फ्रेंच वळणाचे. त्यांना होकार मिळाला. सावळ्या भाचरांना नकार! बाई बाणेदार, एकाचेही नाव न घालता सर्वांना घेऊन परतली.

मार्च 1945 मध्ये मेंडेझ व आणखी चार कुटुंबांनी वेस्टमिन्स्टर, गार्डन ग्रोव्ह, सांता आना व एल मोदेना या चार शाळा-मंडळांवर फिर्याद केली. गोन्झालो पालकांना जमवीत हिंडे. मळा फेलिसितासबाईंनी सांभाळला. मुलांना इंग्रजी येत नाही, ती अस्वच्छ असतात, असा शाळांचा बचाव होता. 18 फेब्रुवारी 1946 रोजी न्यायमूर्ती मॅककॉर्मिक यांनी ही विभागणी घटनाबाह्य ठरविली. एप्रिल 1947 मध्ये अपिलातही निकाल टिकला. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरेन यांनी राज्याच्या कायद्यातील उरलीसुरली शालेय विभागणी रद्द केली. पुढे सरन्यायाधीश झाल्यावर, 1954 साली, काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळा देशभर अवैध ठरविणारा निकाल याच वॉरेन यांनी दिला.

मेंडेझांची लेक सिल्विया परिचारिका झाली. 2011 साली अध्यक्ष ओबामांनी तिला राष्ट्राचे सर्वोच्च नागरी पदक दिले.

हे वाचताना माझे मन मात्र आपल्या बालवाडीपाशी घुटमळत होते. प्रवेशाचे काम माझ्याकडे असताना बांधकामावरच्या एका मजूर बाईला, “मुलाला मराठी येत नाही, पुढच्या वर्षी बघू,” असे सांगून मी परत पाठविले होते. पुढच्या वर्षी ते बांधकामही संपले आणि ती माणसेही गेली. भाषेची सबब वेस्टमिन्स्टरच्या शाळांनीही सांगितली होती. मराठी यायला त्या मुलाला बालवाडीच तर हवी होती!

यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी बसण्यासाठी मी पुन्हा नाव दिले आहे.