किल्ली कुणाच्या हातात?

घरातल्या ज्येष्ठांचे पैसे फोनवरून गेले की आपला पहिला प्रश्न ठरलेला... 'बाबा, ओटीपी सांगितलातच कशाला?' हा प्रश्न विचारण्याआधी थोडा इतिहास बघायला हवा, असं मला वाटतं.

बाबांच्या पिढीसाठी बँकेतलं कुलूप म्हणजे सही. ती जुळते की नाही हे बघायचं काम काउंटरपलीकडच्या क्लार्कचं. जुळली नाही तर तो चष्म्यावरून बघत 'काका, परत करा' म्हणायचा. (लोकांना याचा रागच यायचा!) म्हणजे संशय घ्यायचा पगार बँक त्याला देत होती. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं आणि क्लार्कच्या जागी पिन आला. तरी कार्ड हातात असल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

खरा बदल २००९ चा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्ड वापरताना, कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडे आणखी एक पुरावा सक्तीचा झाला. पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी रुळला. नियम उत्तमच होता, नुसता कार्ड नंबर चोरून भागेना. मग चोराने काय केलं? कुलूप फोडायचं सोडून, किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाच फोन लावला! क्लार्कचं काम आता बाबांनी करायचं. तेही एकट्याने, घाईत, चष्मा शोधत.

२०१६ मध्ये यूपीआय आलं. त्यात पैसे यायला पिन लागतच नाही, जायलाच लागतो. पण समोरच्याकडे पैसे मागण्याचीही सोय होती. जुना सोफा विकायला काढलेल्या काकांना 'पैसे पाठवतोय, पिन टाका' सांगायचं, आणि पाठवायची मागणी! शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय एनपीसीआयने बंदच केली. म्हणजे खोट डिझाइनमध्येही होती, एकट्या काकांच्यात नव्हती.

'डिजिटल अरेस्ट'मध्ये तर पिन-ओटीपीचं ज्ञानही कामाला येत नाही. कायद्यात असली अटक नाहीच. तरीही २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे ८२ वर्षांचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना व्हिडिओ कॉलवर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपये काढले गेले. उद्योगपतीची ही गत, तर सरकारी शिक्का दिसला की उठून उभ्या राहणाऱ्या आपल्या आजोबांना काय बोलायचं?

असो. आमच्या घरी सध्या क्लार्क मी आहे. पोलीस, बँक, कुरिअर... कुणीही घाई केली की बाबा 'मुलाला विचारतो' म्हणून फोन ठेवतात आणि मला लावतात. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलतो. आणि पैसे गेलेच, तर १९३० ला लगेच कळवायचं, ओरडायचं नाही. पोरं बोलतील म्हणून गप्प राहण्यात जे तास जातात, तेवढ्यात पैसे चार खाती फिरून पुढे गेलेले असतात.