मुरुडचे रान

मुरुडला जाणारा प्रवासी गाडीतून उतरला, की पहिली चौकशी जंजिऱ्याची करतो. चहाचा पेला रिता होतो न होतो तोच तो राजपुरीची वाट धरतो, शिडाच्या होडीत बसतो, कलालबांगडी तोफेवरून हात फिरवतो आणि दिवस मावळायच्या आत परतीच्या गाडीला लागतो. यात वावगे काही नाही. जंजिरा पाहावा असाच किल्ला आहे. पण या गावाचा इतिहास निम्मा पाण्यात आणि निम्मा रानात आहे. पाण्यातला निम्मा आपण शाळेत पाठ केला. रानातला मात्र कोणी विचारीत नाही.

अलिबागेकडून रेवदंडा आणि काशीद ओलांडून खाली येताना उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला डोंगर, अशी ही वाट आहे. या दोहोंच्या बेचक्यात मुरुड वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळीवाडा, लांबच लांब वाळूचा किनारा आणि समोर पाण्यात पद्मदुर्ग. गाव शांत, आणि त्याच्या पाठीशी फणसाडचे दाट रान.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, खडकाळ बेटावर पहिला कोट उभारला तो कोळ्यांनी. राम पाटील हा त्यांचा म्होरक्या. तो कोट दगडी नव्हता. मोठमोठे लाकडी मेढे शेजारी शेजारी रोवून केलेला तो मेढेकोट होता. आता हे मेढे समुद्रात थोडेच उगवतात? म्हणजे जंजिऱ्याची पहिली भिंत रानातूनच आली म्हणायची. पुढे निजामशाहीच्या अमदानीत कोळ्यांच्या हातून बेट गेले आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दगडी तट उठला. आफ्रिकेतून दख्खनेत आलेले हबशी सरदार, म्हणजेच आपले सिद्दी, तेथे असे घट्ट बसले, की कोणाला हलले नाहीत.

शिवछत्रपतींनी त्यांच्या उरावर पद्मदुर्ग बांधला. या पद्मदुर्गासाठी नेमलेली रसद वेळेवर पोचली नाही, म्हणून महाराजांनी १६७५ साली प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना खरमरीत पत्र लिहिले, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. त्या पत्रातला संताप सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्यातला व्यवहार विसरला जातो. समुद्रातला किल्ला कितीही अभेद्य असो, त्याचे दाणे, लाकूडफाटा, माणसे सारे जमिनीवरूनच यावे लागते. संभाजीराजांनी १६८२ च्या सुमारास खाडीत दगडांची भर घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा घाट घातला. तेवढ्यात मोगलांची फौज अंगावर आली आणि ते काम अर्ध्यावर राहिले. १७३६ साली चिमाजीअप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला मारले. तरी जंजिरा हाती आला नाही.

मग तो गेला कसा? त्यासाठी तोफ डागावी लागली नाही. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि जे पिढ्यान् पिढ्यांच्या वेढ्यांनी साधले नाही, ते कागदाने साधले.

आता रानाकडे वळू. जंजिऱ्याच्या नवाबांना शिकारीचा मोठा षौक. त्यासाठी त्यांनी फणसाडचे जंगल राखून ठेवले होते. राजाची शिकार म्हटली, की रान राजाला मोकळे आणि रयतेला बंद, हे कोणत्याही संस्थानात ओघानेच आले. नवाबांच्या मनात झाडांविषयी किंवा सांबरांविषयी दया होती, असे म्हणायला जागा नाही. मारायला सावज उरावे, एवढाच हिशेब. परंतु त्या हिशेबापायी ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी उभी राहिली आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झाडाझाडांतून लोंबत राहिल्या. १९८६ साली सरकारने याच रानाला अभयारण्याचा दर्जा दिला. ज्यांच्यावर बंदुका रोखल्या जात, त्यांच्याच वंशजांना कायद्याचे अभय मिळाले! आज तेथे बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, आणि उंच शेंड्यांवर घरटी बांधणारा, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी शेकरूही आहे.

याबद्दल नवाबांचे आभार मानावेत काय? मला ते जड जाते. सरपणाच्या मोळीसाठी दारात अडवलेल्या माणसाला राखीव रानाचे कौतुक सांगून काय उपयोग? पण त्या वेळी रान तुटले असते, तर आज ते परत लावता आले नसते, हेही तितकेच खरे. नारळ-पोफळीची वाडी गेली, तर घाम गाळून एका पिढीत पुन्हा उभी करता येते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या, आणि लोकांनी डोळे पुसून पुन्हा रोपे लावली. फणसाडसारखे रान कोणाला लावता येत नाही. ते राखावे लागते. आणि आता राखणारा नवाब नाही, आपणच आहोत.

या रानात बारमाही पाण्याच्या जागांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणाचा गाण अशी त्यांची साधी नावे. उन्हाळ्यात जनावरे तेथे पाण्यावर येतात. माणसांचेही निराळे नाही. मुरुड गावाला पाणी पुरवणारे नवाबांच्या काळचे गारंबी धरण याच डोंगरझाडीत आहे. जंजिऱ्यात गोड्या पाण्याची तळी पाहून प्रवासी तोंडात बोट घालतो, की चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हे गोडे कसे! तसेच नवल गावातही आहे.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन मुरुडला जाल, तर जंजिरा अवश्य पाहा. दरवाजावर कोरलेले, पंजांत हत्ती पकडलेले ते श्वापदही मुलांना दाखवा. पण दुसरी सकाळ रानासाठी ठेवा. आवाज न करता चाला, शेकरू दिसतो का पाहा. आणि गावात परतल्यावर पाण्याचा तांब्या मुलांच्या हाती देताना, हे पाणी कोठून आले, एवढे मात्र त्यांना विचारा.