तळटीप १४ : आयर्लंडची २००७ ची कायदेसफाई

१४. ‘२००७ ची सफाई’ : आयर्लंडच्या संसदेने त्या वर्षी संमत केलेला ‘स्टॅट्यूट लॉ रिव्हिजन ॲक्ट’. ६ डिसेंबर १९२२ रोजी आयरिश मुक्त राज्य स्थापन झाले, तेव्हा कारभार अडू नये म्हणून घटनेच्या कलम ७३ ने आधीचे कायदे चालू ठेवले. १९३७ च्या घटनेतील कलम ५० नेही तेच केले. परिणामी आयर्लंड, इंग्लंड, ग्रेट ब्रिटन आणि युनायटेड किंग्डम अशा चार संसदांचे शतकानुशतकांचे कायदे नव्या राष्ट्राच्या पदरी पडले. त्यांतला कोणता अजून लागू आहे, हे छातीठोकपणे सांगणे कठीण होते.

२००७ मध्ये रीतच उलटी केली गेली. काय रद्द करायचे एवढेच न पाहता काय ठेवायचे हे आधी ठरवले आणि १,३६४ कायद्यांची यादी जोडली. १९२२ पूर्वीचा जो सार्वजनिक कायदा तीत नाही तो रद्द, मग त्याचे नाव कुठे नोंदलेले असो वा नसो. शिवाय ३,२०० हून अधिक कायदे नावानिशी रद्द झाले. स्थानिक व खासगी कायदे यातून वगळले होते. त्यांची छाननी २००९ पासूनच्या पुढील कायद्यांनी केली.

ठेवलेल्यांत सर्वांत जुना १२०४ चा ‘फेअर्स ॲक्ट’. डब्लिनला किल्ला बांधावा आणि डॉनीब्रुकला दरवर्षी आठ दिवसांची जत्रा भरवावी, असा राजा जॉनचा हा आदेश आहे.