ओशटपणाचा जुना हिशेब

मोताळ्यासारख्या वऱ्हाडी गावात तेलकट कढई राखेने घासली जाई. राखेतला क्षार तेलाशी मिळून थोडाफार साबणच बनवतो. ते ओशट पाणी परसात मुरे, खरकटे उकिरड्यावर पडे आणि तिथले जिवाणू लायपेज या विकराने चरबी फोडून पचवत. म्हणजे आज गटारातले तेल पचवायला बाटलीतून विकले जाणारे जिवाणू आणि विकरे नवी वाटली, तरी काम जुनेच. या पचनातून इंधन मिळवणेही महाराष्ट्राला नवे नाही: १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून गॅस तयार केला गेला.

मग उकिरडाच पुरे, असे कोणी म्हणेल. पण उकिरड्यावर तेल थेंबाथेंबाने येई. खानावळीचे तेल गटारात एकदम येते आणि थिजून थरावर थर चढतो. बाटलीतले विकर पुरेल, हेही अर्धसत्यच. ते चरबीचे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले करते. ती खाणारे जिवाणू पुढे नसतील, तर घाण फक्त पुढच्या गटारात सरकते. गॅस संयंत्रातही मेदाम्ले फार झाली की मिथेन करणारे सूक्ष्मजीव मंदावतात. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र घडवले. त्यालाही घास बेताचाच लागतो. तेव्हा कढई आधी निथळून पुसावी, उरलेले जिवाणूंवर सोपवावे.